गाडीचं चित्र काढायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागदावर असो की स्क्रीनवर, मोटारगाडी काढायला बसलेल्या माणसाच्या शंका साधारण सारख्याच असतात. त्यांतल्या नेहमीच्या शंका इथे घेतल्या आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी अडचण तिथेच येते.

माझी चित्रकला बेताची आहे. मला गाडी काढता येईल का?

येईल. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली असेल तर वस्तुचित्रात तांब्या, बादली, पातेलं काढलं असेलच. बादलीच्या तोंडाचं लंबवर्तुळ नीट जमत होतं ना? मग चाकही जमेल. इंटरमिजिएटला घनभूमिती केली असेल तर आणखी सोपं, कारण गाडी म्हणजे शेवटी दोन खोकी आणि चार नळकांडी. माणसाचा चेहरा काढण्यापेक्षा हे काम एका अर्थी सोपं आहे, कारण इथे जवळपास सगळं मोजता येतं.

अडचण वेगळीच आहे. गाड्या आपण रोज शेकड्यांनी बघतो. झाड थोडं चुकलं तर कुणाला कळत नाही, पण गाडीचं मागचं चाक बोटभर पुढे सरकलं की चित्रकलेशी काही देणंघेणं नसलेला शेजारीही म्हणतो, ‘काहीतरी गडबड आहे.’

सुरुवात कुठून करू? सगळे बॉनेटपासून सुरू करतात.

चाकांपासून करा, आणि पहिले काही आठवडे गाडी फक्त बाजूने काढा. जमिनीची एक आडवी रेघ मारा, तिच्यावर दोन वर्तुळं ठेवा आणि मगच वरचा भाग. बाह्यरेषेपासून सुरुवात केली की चाकं उरलेल्या जागेत कोंबली जातात आणि गाडी खेळण्यातली दिसते.

दोन चाकांमधलं अंतर मोजायला चाकाचाच व्यास वापरतात. स्विफ्ट घ्या. तिच्या साध्या मॉडेलच्या टायरवर 165/80 R14 असं लिहिलेलं असतं. टायरची रुंदी 165 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के म्हणजे 132 मिमी आणि आतली रिम 14 इंच म्हणजे 356 मिमी. वरची नि खालची भिंत धरून चाकाचा व्यास झाला साधारण 620 मिमी. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, 2450 मिमी आहे. हिशेब केलात तर दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत जवळजवळ बरोबर तीन चाकं मावतात.

आता 2020 सालची तीन दारांची थार घ्या. व्हीलबेस तोच, 2450 मिमी! पण 18 इंची रिमच्या मॉडेलचा टायर 255/65 R18, म्हणजे चाक जवळपास 790 मिमीचं. मध्ये जेमतेम दोनच चाकं बसतात. अंतर तेच ठेवून चाक मोठं केलं की गाडीचा स्वभाव बदलतो, हे या दोन गाड्या शेजारीशेजारी काढल्यावर जितकं कळतं तितकं कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वही घेऊन जा, टायर वाचा, व्यास काढा आणि मग रेखाटा. वॉचमन एकदा विचारेल काय चाललंय ते, सांगून टाका.

चाकांनंतर बघायचा तो ओव्हरहँग, म्हणजे चाकाच्या पुढे आणि मागे लोंबणारा भाग. त्यानंतर पुढच्या चाकाचा मध्य आणि पुढची काच यांतलं अंतर. एवढं जमलं की दारं, आरसे, हँडल हे सगळं आपोआप जागेवर पडतं.

तिरकी गाडी काढली की चाकं वाकडी दिसतात. काय चुकतं?

दहातल्या नऊ जणांची चूक एकच असते: लंबवर्तुळाचा लांब अक्ष ते सरळ उभा धरतात. चाक जमिनीवर उभं आहे, मग लंबवर्तुळही उभंच असणार, असं मनाला वाटतं.

नियम असा आहे. चाकाच्या मध्यातून जाणारा आस, म्हणजे ॲक्सल, चित्रात ज्या दिशेने जातो त्याच दिशेत लंबवर्तुळाचा आखूड अक्ष असतो. लांब अक्ष त्याला काटकोनात. तिरक्या गाडीत ॲक्सल थोडा कलता दिसतो, म्हणून लंबवर्तुळही थोडं कलतं. आधी ॲक्सलची रेघ मारा, त्यावर काटकोन करा आणि मग लंबवर्तुळ घाला. क्रम उलटा करू नका.

दुसरी गोष्ट: एकाच बाजूची दोन चाकं सारखी काढू नका. लांबचं चाक जवळच्यापेक्षा लहान असतंच, शिवाय ते अधिक चिंचोळंही असतं. पुढची चाकं वळवलेली असतील तर त्यांचा अक्ष मागच्या चाकांपेक्षा वेगळ्या दिशेला जातो. डिझायनर लोक स्केचमध्ये पुढची चाकं मुद्दाम वळवतात, कारण त्यामुळे रिमचं तोंड दिसतं आणि गाडी उभी असूनही हलती वाटते.

सराव म्हणून पानभर लंबवर्तुळं काढा. आधी अक्ष, मग एका दमात फिरवलेलं लंबवर्तुळ. मनगट स्थिर ठेवून हात खांद्यातून फिरवायचा. पेन कागदाला टेकवण्याआधी हवेत दोनतीनदा फिरवून घेतलं तर रेघ स्वच्छ येते. स्टेशनरीच्या दुकानात लंबवर्तुळांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या अंतिम चित्राला वापरायला काहीच हरकत नाही. सरावाला मात्र हातच.

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान दिसण्याचं गणित, शिकल्याशिवाय चालणार नाही का?

नाही चालणार. पण लागतं ते फार थोडं.

पहिलं म्हणजे क्षितिजरेषा कुठे आहे ते. ती नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. तुम्ही उभे असाल तर डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. स्विफ्टची उंचीही दीड मीटरच्या आसपास. म्हणजे उभं राहून स्विफ्ट बघितली तर क्षितिजरेषा तिच्या छतालगत जाते आणि छप्पर एखाद्या पट्टीएवढंच दिसतं. थार 1.84 मीटरच्या आसपास उंच, तिच्यात क्षितिजरेषा खिडकीच्या काचेतून जाते आणि छप्पर दिसतच नाही. आता फुटपाथच्या कडेवर बसा. क्षितिजरेषा हेडलाइटपाशी आली आणि साधी हॅचबॅकही अंगावर आल्यासारखी दिसायला लागली. जाहिरातींतल्या गाड्या रुबाबदार दिसतात त्यात कॅमेरा खाली ठेवण्याचा वाटा मोठा असतो.

दुसरं, व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे गाडीच्या समांतर रेघा क्षितिजरेषेवर जिथे मिळताना दिसतात ते बिंदू, कागदाच्या बाहेर, लांब ठेवा. दोन्ही बिंदू कागदावरच घेतले की गाडी दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखी होते. मोठा कागद टेबलाला चिकटवून बिंदू टेबलावर घेतले तरी चालतं.

तिसरं, मधली रेघ. बंपर, लोगो, बॉनेट, काच, छप्पर यांवरून जाणारी ही रेघ काढल्याशिवाय डावी-उजवी बाजू जुळत नाही. ती सपाट नसते, गाडीच्या अंगावरून चढत-उतरत जाते. बहुतेक जण हीच रेघ गाळतात आणि मग दोन हेडलाइटशी तासभर झगडत बसतात.

कागदावर शिकू की थेट टॅबलेटवर?

कागदावर. यावर मतभेद आहेत हे ठाऊक आहे, तरी माझं मत पक्कं आहे. स्क्रीनवर अनडू असतो, त्यामुळे माणूस एकच रेघ वीसदा काढतो आणि विसाव्यांदा चुकून बरी आली की पुढे जातो. हाताला काहीच कळलेलं नसतं. बॉलपेनने काढलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून ती काढण्याआधी विचार करावा लागतो. शिवाय साधं बॉलपेन दाब कमी-जास्त केला की फिकट-गडद होतं. आधी हलक्या हाताने शोधायचं आणि सापडलेली रेघ मग दाबून पक्की करायची.

ज्यांच्याकडे टॅबलेटच आहे त्यांनी सहा महिने तीन बंधनं पाळावीत: एकच लेयर (चित्राचा थर), झूम नाही, अनडू नाही. मग फरक फारसा उरत नाही.

साहित्य काय घेऊ?

झेरॉक्सच्या कागदाचं एक रीम, दोन बॉलपेनं आणि एक एचबी पेन्सिल. एवढ्यावर पुष्कळ दिवस निघतात. नंतर ए3 आकाराचे थोडे जाड, गुळगुळीत कागद आणि करड्या रंगाचे तीन अल्कोहोल मार्कर घ्या: एक फिका, एक मध्यम, एक गडद. पांढऱ्या चमकेसाठी कॅमलचा पांढरा पोस्टर कलर आणि बारीक ब्रश. पांढरं जेल पेनही चालतं.

बहात्तर रंगांचा मार्करचा संच घेऊ नका. त्यातले साठ रंग फुलांसाठी असतात.

मार्करने रंगवताना डाग पडतात आणि रेघा फिसकटतात.

डाग पडतात ते थांबल्यामुळे. अल्कोहोल मार्करची शाई ओली असेपर्यंतच एकमेकींत मिसळते. त्यामुळे एक भाग, समजा दार, हाती घेतला की रुंद टोकाने एका दिशेने सलग ओढत पुरा करायचा. फिक्यापासून गडदाकडे जायचं. त्याच मार्करचा दुसरा हात वाळल्यावर दिला की आणखी एक छटा मिळते, म्हणून तीन मार्करमधून पाच-सहा छटा निघतात. कागदाखाली रद्दी ठेवा, शाई आरपार जाते. खिडकी उघडी असू द्या, वास डोक्यात जातो.

रेघा फिसकटतात कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. उपाय जुनाच आहे: बॉलपेनच्या स्केचची झेरॉक्स काढायची आणि मार्कर झेरॉक्सवर चालवायचा. जपानमध्ये 1987 साली आलेले कॉपिक मार्कर तर झेरॉक्सची टोनर शाई विरघळणार नाही याच हिशेबाने केले होते. झेरॉक्सचा आणखी फायदा म्हणजे मूळ स्केच शाबूत राहतं आणि एकाच गाडीवर चार रंगयोजना करून बघता येतात.

रंग नीट भरले तरी गाडी चकचकीत का दिसत नाही?

कारण तुम्ही गाडीचा रंग रंगवताय. चकचकीत पत्र्यावर आपल्याला गाडीच्या रंगापेक्षा जास्त दिसतं ते भोवतालचं प्रतिबिंब.

पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. बॉनेट आणि छप्पर वर बघतात, तिथे आकाश दिसतं, म्हणून ते उजळ. दाराचा वरचा, किंचित आकाशाकडे कललेला भागही उजळ. दार मध्यावर उभं होतं तिथे क्षितिज दिसतं: समोरच्या इमारती, झाडं, कुंपणाची भिंत. हाच सगळ्यात गडद पट्टा. त्याच्या खाली दार आत वळतं आणि रस्ता दाखवायला लागतं, म्हणून तिथे पुन्हा थोडं उजळ, धुळकट, उबदार. हा गडद पट्टा गाडीच्या अंगावरून कसा वळतो, चाकाच्या कमानीपाशी कसा वर चढतो, त्यावरून पत्र्याची गोलाई कळते. पट्टा चुकला की चित्रात गाडीला पोचा येतो.

हे शिकायला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतकं चांगलं मॉडेल नाही. धुतलेल्या टॅक्सीचं काळं अंग नीट बघितलं तर काळा रंग सापडणं मुश्कील होतं: वर निळसर आकाश, मध्ये इमारतीची ओळ, खाली तपकिरी रस्ता. खरा काळा फक्त टायरच्या मागे आणि गाडीच्या पोटाखाली. पांढऱ्या गाडीचं उलटं. तिथे पांढरा कागद फार थोडा सोडायचा, बाकी सगळी निळसर-करडी सावली.

क्रोम म्हणजे हाच प्रकार टोकाला नेलेला. वर फिकट निळा, मध्ये एकदम काळी धारदार रेघ, खाली तपकिरी. या तिन्हींमध्ये मऊ छटा आल्या की क्रोमचा पत्रा होतो. आणि पावसाळा फुकट घालवू नका. ओल्या रस्त्यावर टेललाइटचा लाल रंग सरळ खाली, बघणाऱ्याच्या दिशेने उतरतो. तो तिरका काढला की रस्ता ओला न वाटता रंगवलेला वाटतो.

जुन्या गाड्या सोप्या की नव्या?

शिकायला जुन्या. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी या दोघींचे दिवे गोल, काचा साध्या, बंपर वेगळे लावलेले. प्रत्येक भाग सुटा वाचता येतो. ॲम्बेसेडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज तीन. तिच्यात सरळ रेघ शोधून सापडत नाही, सगळं फुगलेलं. पद्मिनी फियाट 1100 वरून आलेली आणि मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली. तिच्या बॉनेटला आणि मागच्या टोकांना धार आहे. एकीवर मऊ छटांचा सराव होतो, दुसरीवर कडांचा.

ॲम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर नाही. त्यामुळे समोर ठेवून काढायची असेल तर विंटेज गाड्यांचे मेळावे गाठावे लागतात, किंवा एखाद्या हौशी मालकाची मनधरणी.

नव्या गाड्यांत पत्र्याला इतक्या घड्या असतात की नवशिक्या घड्याच मोजत बसतो आणि आकार हातातून निसटतो.

फोटोवरून ट्रेस केलं तर चालेल का?

सराव म्हणून चालेल, पण फोटो बघून घ्या. मोबाइलची नेहमीची लेन्स बरीच वाइड असते. गाडीच्या जवळ जाऊन फोटो काढला की पुढचा बंपर फुगतो, मागचं चाक आक्रसतं, आणि तुम्ही ते इमानेइतबारे ट्रेस करता. दहाबारा पावलं मागे जा आणि दोन किंवा तीन पट झूमवर काढा. ट्रेस केल्यावर तीच गाडी फोटो न बघता पुन्हा काढा; काय कळलं आणि काय नुसतं गिरवलं ते लगेच दिसतं.

कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

पैसे घालायचे नसतील तर क्रिटा. मोफत आहे, आणि त्यात लंबवर्तुळ व व्हॅनिशिंग पॉइंटचे ‘असिस्टंट’ आहेत, जे गाडीसाठी सोन्यासारखे आहेत. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट. एकदाच पैसे भरायचे, आणि लंबवर्तुळ काढून पेन तसंच टेकवून ठेवलं की ते नीट होतं. फोटोशॉप उत्तम, पण दरमहा भाडं. कंपन्यांच्या डिझाइन स्टुडिओंत पुढे एलियस लागतं, पण ते थ्रीडी पृष्ठभाग बनवण्याचं सॉफ्टवेअर आहे, चित्र काढण्याचं नाही. त्याची घाई नको.

स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट पुरेल?

पुरेल. हात खाली आणि नजर वर, याची सवय व्हायला काही दिवस जातात इतकंच. मात्र सेटिंगमध्ये एक गोष्ट तपासा. टॅबलेटच्या वापरात असलेल्या भागाचं लांबी-रुंदीचं प्रमाण स्क्रीनच्या प्रमाणाशी जुळलेलं हवं. ते जुळलं नसेल तर तुम्ही हाताने गोल काढता आणि स्क्रीनवर लंबवर्तुळ उमटतं. गाडी काढणाऱ्याचं यापेक्षा मोठं नुकसान नाही. ड्रायव्हरमध्ये प्रमाण जुळवण्याचा पर्याय असतो.

डिजिटल रेंडरिंगचा, म्हणजे स्क्रीनवर रंग-छाया भरून चित्र पुरं करण्याचा, क्रम काय?

कॅनव्हास ए3, 300 डीपीआय, म्हणजे 4961 × 3508 पिक्सेल. यापेक्षा लहान घेतला तर छापताना पस्तावाल. सगळ्यात खाली कागदावरचं स्केच स्कॅन करून ठेवा आणि त्याची अपारदर्शकता कमी करा. वर स्वच्छ रेघांचा लेयर. मग प्रत्येक सामानाचा वेगळा लेयर: पत्रा, काच, टायर, रिम, दिवे. लेयरना नावं द्या. ‘लेयर 47 कॉपी’ कशाचा आहे हे रात्री एक वाजता कुणालाही आठवत नाही.

मधल्या छटेने पत्रा सपाट भरा. त्यावर मल्टिप्लाय मोडमध्ये (यात वरचा रंग खालच्याला गडद करतो) सावल्या, मग क्षितिजाचा गडद पट्टा, मग आकाशाचा उजेड, शेवटी चमक. चमक अगदी थोडी, कडा जिथे वळते तिथेच.

खरी खुबी सिलेक्शनमध्ये आहे. लॅसोने, म्हणजे हाताने घेर काढून निवडण्याच्या टूलने, भाग निवडायचा आणि आत मोठा मऊ ब्रश हलकेच फिरवायचा. एका बाजूला धारदार कडा आणि दुसरीकडे विरत जाणारी छटा मिळते, आणि पत्रा तसाच दिसतो. पूर्वी एअरब्रशवाले चित्रावर पारदर्शक फिल्म चिकटवून, हवा तेवढा भाग ब्लेडने कापून नेमकं हेच करायचे. नुसत्या मऊ ब्रशने सगळं रंगवलं की गाडी साबणाची वडी होते.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करून त्यावर चित्र काढणं म्हणजे फसवणूक आहे का?

नाही. व्यवसायात हे सर्रास चालतं. खोकी आणि नळकांडी मांडून कोन पक्का करा, वर रेखाटा. फक्त ब्लेंडरशिवाय तिरकी गाडी उभी करता येत नसेल तर आधी चाकांवरच्या प्रश्नाकडे परत जा.

एआय सेकंदात गाडी काढून देतं. मग शिकायचं कशाला?

चित्र हवं असेल तर शिकू नका. रेखाटता यायला हवं असेल तर शिकावं लागेल. शिवाय एआयने दिलेल्या गाडीचा व्हीलबेस चुकलाय की प्रतिबिंबाचा गडद पट्टा चुकलाय हे ओळखायलाही नजर लागतेच.

यात करिअर करायचं तर कुठे शिकू?

एनआयडीमध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) ट्रान्स्पोर्टेशन अँड ऑटोमोबाइल डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइन आहे. पुण्याजवळ लोणी काळभोरला एमआयटीच्या डिझाइन संस्थेतही हा विषय शिकवतात. आयआयटीतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीड ही परीक्षा आणि बारावीनंतरच्या बी.डेस.साठी यूसीड, दोन्ही आयआयटी मुंबई घेते.

इंजिनिअरिंग केलंय म्हणून वाट बंद झाली असं समजू नका. महिंद्राच्या डिझाइन विभागाचं नेतृत्व केलेल्या आणि एक्सयूव्ही 500 च्या डिझाइनसाठी ओळखल्या जाणाऱ्या रामकृपा अनंतन मेकॅनिकल इंजिनिअर. आयडीसीत त्या नंतर गेल्या. टाटा मोटर्सच्या आणि पुढे महिंद्राच्या डिझाइनची धुरा सांभाळणारे प्रताप बोस एनआयडीचे.

पोर्टफोलिओत वीस चकाचक रेंडरिंग ठेवण्यापेक्षा एका गाडीचा प्रवास दाखवा: ती कुणासाठी, आत माणसं कशी बसतात, पहिली पन्नास कच्ची स्केचेस, त्यांतली कोणती का टाकली. भारतात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीला कर कमी पडतो, त्यामुळे इथल्या कितीतरी गाड्यांची लांबी 3990 मिमीच्या आसपास येऊन थांबते. या मर्यादेत मागची सीट आणि डिकी कशी बसवली हे दाखवणारं साधं बॉलपेनचं पान परीक्षक थांबून बघतात.

लोकांच्या गाड्यांची चित्रं काढून विकता येतील का?

येतील. पहिली गाडी, वडिलांची गाडी, विकून टाकलेली गाडी, यांना मागणी असते. फोटो मागताना तीन कोनांतले आणि दिवसाच्या उजेडातले मागा. नंबरप्लेट खरी घालायची का ते मालकाला विचारा. चित्र ऑनलाइन टाकणार असाल तर नंबर बदला. निम्मे पैसे आधी घ्या. कंपनीचा लोगो टी-शर्टवर छापून विकणं हा ट्रेडमार्कचा मामला आहे, त्यात जाण्याआधी वकिलाशी बोला. आणि मालकाने अलॉय व्हील बदलून घेतली असतील तर तीच काढा. कॅटलॉगमधली काढलीत तर चित्र परत येतं.